चौथ्या काचपेटीतला हात

एक कात्री, पोलादी, मुठीला पितळेची कडी. उजव्या हातात धरली तर कापत नाही.

तंबाखूच्या वखारीत ठेवलेल्या पुस्तकांना कसर लागत नाही.

नियम नववा: मंडळाच्या दप्तरात डाव्या हाताने लिहू नये.

दोनशे बारा उपरणी, पांढरी, निळ्या काठाची. धुऊन, घडी घालून.

१९६४ सालचा फोटो. एकतीस बंधू. सगळ्यांचे हात गुडघ्यांवर आहेत. खालच्या रांगेत तिसरे बसलेत त्यांचे मात्र उपरण्याखाली.

आई एकदा एका समईच्या कार्डावर ‘सुंदर’ असा शब्द लिहून बसली होती. ते कार्ड परत आलं.

मंगळवारी सकाळी आईचा उजवा हात संग्रहालयात जमा झाला.

वैजयंतीला तो पावणेअकराच्या सुमारास दिसला. तोवर तिने पडदे सरकवले होते, हजेरीपुस्तकात सही केली होती आणि फडकं घेऊन एकेक काचपेटी पुसत ती चौथीपाशी आली होती. चौथ्या पेटीत मंडळाचा पहिला शिक्का असायचा. तो कोपऱ्यात सरकवलेला होता आणि त्याच्या जागी, हिरव्या मखमलीवर, मनगटापर्यंतचा एक हात होता. ओळखायला तिला वेळ लागला नाही. अंगठ्याच्या बुडाशी तव्याचा चटका बसल्याची खूण होती आणि मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर टाक धरून धरून पडलेला घट्टा. मनगटाशी हात संपला होता, पण कापल्यासारखा नाही. कागदावर ओढलेली रेघ जिथे संपायची तिथे संपते, तसा. बोटांत टाक होता, शेजारी दौत होती आणि हात शांतपणे लिहीत होता.

पेटीवर चिठ्ठी लावलेली होती:

*हात, उजवा. कै. बंधू त्रिंबक, मानद ग्रंथपाल (१९५९–१९९८), यांचा. याच हाताने मंडळाची सूची सिद्ध झाली. स्थिती: उत्तम.*

वैजयंतीने फडक्याची घडी घातली, ते टेबलावर ठेवलं आणि घरी फोन लावला.

“आई, काय करतेयस?”

“चहा पितेय. डाव्या हाताने. निम्मा पदरावर.”

“तुझा उजवा हात कुठंय?”

“मी तुलाच विचारणार होते,” आई म्हणाली. “उठले तेव्हा नव्हता. दुखत नाही काही. तू डबा नेलास का?”

वैजयंतीने डबा नेला नव्हता.

समबंधू मंडळ १८९७ साली स्थापन झालं ते तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत, आणि आजही ते तिथेच आहे. दारात आडनाव सोडायचं आणि आत बंधू होऊन जायचं, असा मंडळाचा रिवाज. आत गेल्यावर सगळे सारखे: बंधू हेरंब, बंधू यशवंत, बंधू त्रिंबक. प्रत्येकाला एक उपरणं मिळतं. बंधू वारला की त्याचं उपरणं धुऊन, घडी घालून त्याच्या खुर्चीवर ठेवतात आणि तो पुढच्या सभेला हजर धरला जातो. मतदानाला उपरण्याचं एक टोक वर उठतं. मंडळात हल्ली नऊ बंधू हयात आहेत आणि दोनशे बारा खुर्च्यांवर आहेत, त्यामुळे मंडळाचा एकही ठराव कधी अडत नाही.

बाईला बंधू होता येत नाही. बाईला सहायक होता येतं. वैजयंती सत्तावीस वर्षं सहायक होती. ग्रंथपालाची जागा तिच्या वडिलांच्या, म्हणजे त्रिंबकरावांच्या उपरण्याकडे होती. ते तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर पडलेलं असे, आणि पुस्तकं शोधणं, झटकणं, शिवणं, वाचकांना देणं आणि परत मागणं हे सगळं त्या उपरण्याच्या मार्गदर्शनाखाली होतं, असं वार्षिक अहवालात दरवर्षी छापून येई.

सूचीची गोष्ट अशी. मंडळाच्या संग्रहात चौदा हजार तीनशे वस्तू आणि पुस्तकं आहेत आणि प्रत्येकाचं एक कार्ड आहे. जिला कार्ड नाही ती वस्तू मंडळ मानत नाही. त्रिंबकराव दुपारी जेवायला घरी येत तेव्हा त्यांच्या पिशवीत कोऱ्या कार्डांची चळत आणि कच्च्या नोंदींची वही असे. जेवणं झाली की आई मागचं आवरून खिडकीपाशी बसे आणि वहीतलं कार्डांवर उतरवी. त्रिंबकराव पडल्या पडल्या पंखा हलवत. दुसऱ्या दिवशी ते चळत परत नेत आणि टेबलावर ठेवत. असं एकोणचाळीस वर्षं चाललं. कार्डांवरचं ते टपोरं, सरळ, एका उंचीचं अक्षर बघायला पुण्याहून माणसं येत, आणि त्रिंबकराव त्यांच्यासमोर नम्रपणे मान खाली घालत. मान खाली घालताना हात उपरण्याखाली घ्यायची त्यांना सवय होती.

चिटणीस बंधू हेरंब साडेअकराला आले. ते निवृत्त मुख्याध्यापक होते, सतत लवंग चघळत आणि कुणावरही आवाज चढवत नसत. वैजयंती त्यांच्यासमोर उभी राहिली.

“चिटणीससाहेब, चार नंबरात माझ्या आईचा हात आहे.”

“बसा ना वैजूताई, उभ्या का?”

“तो आत कुणी ठेवला?”

“कुणी ठेवला नाही. आपणहून आला.” त्यांनी नोंदवही उघडून तिच्यापुढे फिरवली. मंगळवारच्या तारखेला त्याच टपोऱ्या अक्षरात नोंद होती: *हात, उजवा, एक.* “बघा. स्वतःची नोंद स्वतः करून आत गेलाय. इतकी शिस्त आता कुणाला राहिलीय?”

“मग चिठ्ठीवर बाबांचं नाव का?”

“सूची त्रिंबकरावांची. सूची ज्या हाताने झाली तो हातही मग त्यांचाच. आणि अक्षर पाहा की. पुरुषी अक्षर आहे.”

“त्या हातावर तव्याचा चटका आहे, साहेब.”

बंधू हेरंबांनी लवंग या गालातून त्या गालात नेली. “सव्वाशे वर्षांचा सोहळा तोंडावर आलाय. लोक येणार. ‘घरच्या बाईचा हात’ असं लिहायचं का आपण? बरं दिसेल ते?”

“तिचं नाव लिहायचं. द्वारकाबाई.”

“चिठ्ठीवर नाव फक्त बंधूचं येतं. नियम चौदावा.”

“मग हात परत द्या.”

“जमा झालेली वस्तू परत जात नाही,” बंधू हेरंब म्हणाले. “शाळांच्या सहली येतात तेव्हा तुम्हीच सांगता की मुलांना.”

हे खरं होतं. वैजयंती सत्तावीस वर्षं मुलांना हेच सांगत आली होती, आणि सांगताना तिला त्याचा अभिमानही वाटत असे. तिला स्वतःच्या तोंडाचा राग आला.

हात दिवसभर लिहीत राहिला. पेटीला बारीक फट होती, तिच्यातून लिहून झालेलं कार्ड बाहेर येई आणि खालच्या ट्रेमध्ये पडे. दुपारी तिने ट्रेमधलं पहिलं कार्ड उचललं.

*पोळपाट, सागवानी. एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी. कै. बंधू त्रिंबक यांचा.*

चार वाजता बंधू हेरंबांनी कार्डावर सही केली. मंडळात कार्डावर सह्या चार वाजता होतात. बुधवारी सकाळी पोळपाट पाचव्या पेटीत होता, पुठ्ठ्याच्या घडीसकट, आणि घरी आई दगडी ओट्यावर डाव्या हाताने भाकरी थापायचा प्रयत्न करत होती.

त्रिंबकरावांनी जन्मात कधी पोळपाटाला हात लावला असेल तर तो वाटेतून बाजूला करायला.

बुधवारी खलबत्ता गेला. गुरुवारी आईचा चष्मा आणि तो ठेवायची खोबरेल तेलाची बाटली कापून केलेली डबी. शुक्रवारी खिडकीपाशी टाकायचा पाट, भिंतीवरचं कालनिर्णय आणि शेंगदाण्याच्या कुटाचा डबा, कुटासकट. सगळ्यावर तीच चिठ्ठी, त्याच अक्षरात, त्याच नावाने. संग्रहालयातल्या पेट्या एकमेकींच्या जवळ सरकत चालल्या होत्या. शुक्रवारी वैजयंतीला दोन पेट्यांमधून जाताना अंग आडवं करावं लागलं. पाहुणे म्हणत होते, त्रिंबकराव किती साधे राहत असत.

“तू काही बोलत का नाहीस?” वैजयंतीने आईला विचारलं. घरात आता बोललं की आवाज घुमत होता.

“कुणाला बोलू?”

“हाताला. तुझाच आहे ना तो.”

आई भिंतीला टेकून बसली होती. मनगटाशी झंपरची लांब बाही तिने दुमडून सेफ्टी पिनने टाचली होती. “त्याचा काय दोष? मला जे दिलं ते मी उतरवलं. चाळीस वर्षं एक शब्द पदरचा घातला नाही. घातला तो यांनी परत आणला. हाताला तेवढंच वळण लागलं. पुढ्यात जे येईल ते लिहायचं, आणि शेवटी यांचं नाव.”

“मग आता तू लिही. अर्ज लिही.”

“कशाने?”

वैजयंतीने पेन आईच्या डाव्या हातात दिलं.

अर्ज लिहायला आईला शनिवारची अख्खी सकाळ लागली. अक्षरं मोठी, वाकडी, एकमेकांवर पडणारी, पहिलीतल्या पोरासारखी. एक ओळ वर चढत गेली, दुसरी खाली घसरली. आई लिहून झाल्यावर कागद लांब धरून बघत राहिली आणि हसली. “हे माझं अक्षर आहे होय?” ती म्हणाली. “मला वाटलं होतं दुसरं आहे.”

अर्जात होतं: *माझा हात मला परत मिळावा. तसं जमत नसेल तर चिठ्ठीवर माझं नाव घालावं. पोळपाट माझ्या आईचा होता. द्वारका.*

बंधू हेरंबांनी अर्ज कोपऱ्याला धरून वाचला आणि टेबलावर ठेवला.

“हे डाव्या हाताने लिहिलंय.”

“हो.”

“नियम नववा. मी हे दप्तरात घेऊ शकत नाही. उजव्या हाताने लिहून आणा, आजच्या सभेपुढे ठेवतो.”

“उजवा हात तुमच्या पेटीत आहे.”

“ते आहेच,” बंधू हेरंब म्हणाले. “म्हणून तर त्याची आम्ही इतकी काळजी घेतो.”

वैजयंतीने अर्ज उचलला. ती टेबलाशी गेली, स्वतःच्या उजव्या हाताने अर्ज उतरवून काढला आणि खाली सही केली. बंधू हेरंबांनी तो घेतला. घेताना ते हसले, म्हणाले, “अक्षर आईसारखं आहे हं तुमचं.” मग जीभ चावून म्हणाले, “त्रिंबकरावांसारखं.”

सभा पाच वाजता होती. मंडळाच्या सभेचं इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवतात, म्हणजे सभा भरकटत नाही. सभेत ते वाचतात आणि वाचलं जाईल तसं घडतं. दोनशे बारा खुर्च्यांवर उपरणी होती. पुढच्या रांगेत नऊ हयात बंधू होते. त्यातले दोघे झोपले होते. अध्यक्ष बंधू यशवंत यांची नजर आता अधू झाली होती, म्हणून इतिवृत्त बंधू हेरंबांनी वाचलं:

*विषय तिसरा. सहायक वैजयंती यांचा अर्ज चर्चेला आला. चिठ्ठीवर बंधूखेरीज अन्य नाव घालता येत नसल्याने तो मान्य करता येत नाही. तथापि मंडळ कृतघ्न नाही. सबब, सदर हाताला बंधू करून घ्यावे असे सर्वानुमते ठरले.*

“कुणाला?” वैजयंती म्हणाली. “आईला?”

“हाताला,” बंधू हेरंब म्हणाले. “हात पुल्लिंगी आहे, अडचण येत नाही. तुम्ही मागत होता त्यापेक्षा हे जास्तच झालं, वैजूताई. आजवर कुठल्या सहायकाच्या घरातलं कुणी बंधू झालेलं नाही.”

नव्या बंधूच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधतात. पेटीचं झाकण काढण्यात आलं. बंधूला झाकून ठेवता येत नाही, म्हणून ते पुन्हा लावायचं नाही असंही ठरलं. मात्र बंधू उठून जाऊ नयेत म्हणून दोऱ्याचं दुसरं टोक पेटीच्या तळाशी खिळ्याला बांधावं, असं अध्यक्षांनी सुचवलं आणि तेही इतिवृत्तात अगोदरच होतं. हाताने टाक खाली ठेवला नाही. गाठ मारताना तो थोडा थांबला, एवढंच.

“बंधू, आपलं नाव?” अध्यक्षांनी विचारलं. हे विचारायचीच रीत आहे.

हाताने टाक दौतीत बुडवला आणि एकोणचाळीस वर्षं जे नाव सगळ्यात जास्त वेळा लिहिलं होतं ते कार्डावर लिहिलं. *त्रिंबक.*

समोरच्या खुर्चीवर वैजयंतीच्या वडिलांचं उपरणं किंचित हललं. लाजेने हललं की वाऱ्याने, हे सांगता येणार नाही. पंखा बंद होता.

“मला अजून एक सांगायचं आहे,” वैजयंती म्हणाली. “बाबांबद्दल. ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. निदान खुर्च्यांवर आहेत त्यांना तरी.”

बंधू हेरंबांनी पान उलटून पाहिलं. “तुमचं बोलणं इथे एकदाच आहे आणि ते पुढे आहे,” ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचं वाचलं:

*सहायक वैजयंती यांचा मूळ अर्ज मतास टाकण्यात आला. विरोधी असतील त्यांनी हात वर करावेत.*

नऊ हात वर झाले, झोपलेल्यांचेही. दोनशे बारा उपरण्यांची टोकं उठली, आणि त्या हालचालीने वखारीतल्या जुन्या तंबाखूचा वास एकदम दाटून आला. मग वैजयंतीने चौथ्या पेटीकडे पाहिलं. आईच्या हाताने टाक मखमलीवर ठेवला होता. लाल दोरा ताणला जाईपर्यंत तो वर उठला आणि पाचही बोटं सरळ करून तसाच राहिला, बाकीचे खाली येईपर्यंत.

*अर्ज फेटाळण्यात आला. सहायक वैजयंती यांनी मंडळाचे आभार मानले.*

“आभारी आहे,” वैजयंती म्हणाली.

तिने ओठ आवळून धरले होते. शब्द तरीही बाहेर आले, स्वच्छ आणि ठणठणीत. ती म्हणायला गेली, तुम्हाला लाज वाटायला हवी, ऐकू आलं, “आभारी आहे.” इतिवृत्त पुढच्या सभेपर्यंत लागू असतं.

घरी गेल्यावर ते सुटलं. घरी तिने आईला सगळं सांगितलं, हात वर झाला तेसुद्धा. जमिनीवर जिथे पाट असायचा तिथला चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा उजळ होता. आई त्यात बसली होती.

“सरळ धरला होता?” तिने विचारलं.

“काय?”

“वर केला तेव्हा. बोटं सरळ होती का? त्या करंगळीला संधिवात आहे.”

“सरळ होती,” वैजयंती म्हणाली, आणि मग ती मोठमोठ्याने रडली, रागाने.

सोमवारी दुपारी तीन वाजता ट्रेमध्ये एक कार्ड पडलं. शाई ओली होती.

*स्त्री, वृद्ध, एकहाती. कै. बंधू त्रिंबक यांची. स्थिती: बरी.*

चारला एक तास होता. वैजयंतीने कार्ड फाडलं. हाताने दुसरं लिहिलं. तेही फाडलं. तिसरं आलं तेव्हा तिने हाताच्या बोटांतून टाक काढून घ्यायला पाहिलं, पण त्या हाताची पकड तिला लहानपणापासून माहीत होती. रस्ता ओलांडताना त्याने ती तशीच धरलेली असे. मग ती दोऱ्यामागे लागली. हात खिळ्यापासून सुटला तर त्याला पदराखाली घेऊन सरळ रिक्षात बसायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. गाठ सुटेना. नख मोडलं. दुसऱ्या पेटीत बाबांची कात्री होती, ती तिने आणली. पाती दोऱ्यावर नुसती घसरत होती. दोरा दुमडून पात्यांमध्ये अडकत होता आणि पुन्हा अख्खाच्या अख्खा बाहेर येत होता. ती कात्री तिने डाव्या हातात घेऊन पाहिली, पण तिच्या डाव्या हाताला कात्रीचं काही कळत नव्हतं.

पेट्या आता इतक्या जवळ आल्या होत्या की तिची पाठ पाचवीला आणि पोट चौथीला लागलं होतं.

“दे इकडे.”

आई पेट्यांच्या पलीकडे उभी होती. नेसूची सुती साडी, पायात वैजयंतीच्या चपला.

“तू कशाला आलीस? चारला—” वैजयंती म्हणाली. आई मंडळात नव्हती, तिच्याशी बोलता येत होतं.

“घरी बसायला काही राहिलंय का? चटई गेली सकाळी.” आई अंग चोरून पेट्यांमधून आत आली. ती फार बारीक झाली होती. तिला जागा पुरली. पोळपाटाजवळ ती जरा थांबली, त्यावरची चिठ्ठी तिने चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग चौथ्या पेटीसमोर येऊन तिने आपल्या हाताकडे पाहिलं. हात लिहीत होता.

“वाळलाय,” ती म्हणाली. “तेल कुणी लावलं नाही वाटतं.”

बंधू हेरंब सहीचं पेन घेऊन दारात आले. भिंतीवरच्या घड्याळात चारला सहा मिनिटं होती. त्यांनी आईला नमस्कार केला. ते कुणाशीच उद्धटपणे वागत नसत.

“वहिनी, आपण कशाला त्रास घेतलात? आम्ही तुम्हाला आणणारच होतो.”

“माहिती आहे,” आई म्हणाली. “म्हणून स्वतःच्या पायांनी आले.”

तिने वैजयंतीच्या हातातून कात्री घेतली. डाव्या हाताचा अंगठा एका कडीत गेला, दोन बोटं दुसरीत, आणि कात्री अशी बसली की जणू ती त्याच पंजासाठी केली होती. एकदाच आवाज झाला. दोरा तुटून मखमलीवर पडला.

मागे सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या. दोनशे बारा उपरणी घड्या मोडून उभी राहिली होती. कुणी त्यांना मत विचारलं नव्हतं.

हात पेटीतून उठला नाही. तो आईकडे आला नाही की तिच्या दुमडलेल्या बाहीशी गेला नाही. त्याने लिहून झालेलं कार्ड बाजूला केलं, चिठ्ठीचा एक कोरा कागद पुढे ओढला, टाक दौतीत बुडवला आणि थांबला. तो असा थांबतो हे वैजयंतीने लहानपणी हजारदा पाहिलं होतं. पुढची ओळ कुणीतरी सांगेल म्हणून थांबायचा.

वैजयंतीने सांगायला तोंड उघडलं. “आभारी आहे,” ती म्हणाली. तिने दातांनी जीभ धरली आणि पुन्हा बोलून पाहिलं. “आभारी आहे. आभारी आहे.” तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“लिहा,” बंधू हेरंब हलक्या आवाजात म्हणाले. वर्गात शुद्धलेखन घालताना ते याच आवाजात सांगत असतील. “हात, उजवा. कैलासवासी बंधू...”

“थांबा हो जरा,” आई म्हणाली.

बंधू हेरंब थांबले. चाळीस वर्षांत वहिनींनी त्यांना चहा घेणार का याखेरीज काही म्हटलं नव्हतं.

आई वाकली. पेटीच्या काठाशी तोंड नेऊन, मूल झोपेतून उठवताना बोलतात तशी ती हाताशी बोलली.

“आता तुझं तू लिही.”

घड्याळात चारला एक मिनिट होतं. उपरणी पुढे झुकली. बंधू हेरंबांनी सहीच्या पेनाचं टोपण काढलं. आईच्या डाव्या हातात कात्री अजून उघडीच होती. टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब जमत जमत मोठा झाला, आणि हाताने करंगळी कागदावर टेकली.

बंधू त्रिंबक डावखुरे होते.